११० क्रमांकाचा बॅज कस्टममधून सोडवताना

ब्रिटनमधल्या विक्रेत्याकडून ११०व्या मराठा लाइट इन्फंट्रीचा पितळी कॅप बॅज मागवला. कोकणी मराठ्यांची भरती असलेली ही पलटण पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, इराकमधल्या कुटच्या वेढ्यात होती, म्हणून तो हवाच होता. मुंबईपर्यंत सगळं सुरळीत. अडलं कस्टममध्ये, कारण सीएन २२ फॉर्मवर (परदेशी टपालाच्या पार्सलवरचा कस्टमचा फॉर्म) वर्णन म्हणून फक्त 'मिलिटरी अँटिक' लिहिलं होतं.

ट्रॅकिंगवर पार्सल रोखल्याची एक ओळ. खुलासा मागणारं पत्र साध्या टपालाने चिपळूणला पोचलं तेव्हा उत्तराची मुदत संपत आलेली. पैसे भरल्याची पावती आणि आधारची प्रत पाठवली, तर पुढची विचारणा: हा शस्त्राचा भाग आहे का? त्याचं उत्तर दिलं, तर काळाचा पुरावा द्या. प्रत्येक शंकेला वेगळं पत्र, आणि फोन केला की दुसऱ्या विभागाला विचारा! सगळं एकदम विचारलं असतं तर एका उत्तरात काम झालं असतं. याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी सुटलं ते एका पानावर. दोन्ही बाजूंचे फोटो, माप मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये, धातू, किंमत आणि 'टोपीवर लावायचं धातूचं चिन्ह. शस्त्र, दारूगोळा किंवा त्यांचा सुटा भाग नाही' हे वाक्य. काळासाठी क्रमांक पुरला: ११० हा आकडा १९०३ ते १९२२ एवढाच चालला. पुढे ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. हेच वर्णन विक्रेत्याला आधी पाठवून फॉर्मवर लिहायला लावा.

पैसे भरण्याआधी मागच्या बाजूचा फोटो मागायचा, हे राहिलंच. ठशाने पाडलेल्या बॅजच्या पाठीवर पुढच्या नक्षीची उलटी खोलगट छाप दिसते. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट, खरखरीत. कडा बोथट आणि माप किंचित लहान, कारण धातू थंड होताना आकसतो.

आल्यावर ब्रासोने घासू नका, बारीक रेषा झिजतात. आपल्या पावसाळ्यात पीव्हीसीच्या पाकिटात हिरवा चिकट थर धरतो. पॉलिएस्टरचं पाकीट आणि हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा. शंभरी ओलांडलेला बॅज अदलाबदलीसाठीही परदेशी पाठवू नका, १९७२ चा पुरावस्तू कायदा आड येतो.