चौतिसाव्या तारेची करामत

३८६ (जुन्या पिढीचा) संगणक, ३.५ इंची १.४४ एमबीचा फ्लॉपी ड्राइव्ह. तक्रार एवढीच की, या ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घातली की तिच्यातल्या फायली जातात. अशा ड्राइव्हवरचा संशय फिटेपर्यंत मोलाची एकही डिस्क आत घालू नये. राइट-प्रोटेक्टची (लिहिण्यापासून संरक्षणाची) खिडकी उघडी ठेवली तरी फक्त लिहिणं थांबतं. हेडवर (डिस्क वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकावर) घाण चिकटलेली असेल तर ती पृष्ठभाग खरवडतेच.

म्हणून हेडपासून सुरुवात केली. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही हेड पुसले. वरचा हेड पातळ स्प्रिंगवर बसवलेला असतो, तो जेमतेम बोळा सरकेल इतकाच उचलायचा. जास्त उचलला तर कायमचा वाकतो. ड्राइव्हच्या ३४ पिनांच्या रिबन केबलमधल्या पिन ८ वरचा इंडेक्स सिग्नल (डिस्कच्या प्रत्येक फेरीला एकदा येणारा) दर २०० मिलिसेकंदांनी येत होता, म्हणजे मिनिटाला ३०० फेरे, वेग बरोबर. ५ व्होल्टचा पुरवठा स्थिर. कोरी डिस्क फॉरमॅट केली, भरली, दुसऱ्या संगणकावर वाचली. ८० ट्रॅक (वर्तुळाकार पट्टे), दोन्ही बाजू, एकही खराब सेक्टर (ट्रॅकचा छोटा तुकडा) नाही. खात्रीचा दुसरा ड्राइव्ह लावून पाहिला, तरी डिस्का बिघडायच्या थांबल्या नाहीत.

बिघडलेल्या डिस्का एकेक सेक्टर उघडून पाहिल्यावर उलगडा झाला. डेटा जागेवर होता, पण मुख्य डिरेक्टरी (फायलींची यादी) आणि फॅट (कोणती फाइल कुठे आहे याचा तक्ता) भलत्याच डिस्कचे होते! आणि बिघडायची ती नेहमी पहिलीनंतर घातलेली दुसरी डिस्क; पहिली कधीच नाही. पहिली काढून दुसरी घातली आणि डीआयआर (फायलींची यादी दाखवणारी आज्ञा) दिलं, तर पडद्यावर पहिलीचीच यादी.

डिस्क काढली की ड्राइव्ह पिन ३४ वरची डिस्क-चेंज (डिस्क बदलल्याची खबर देणारी) रेषा खाली, म्हणजे शून्य व्होल्टकडे ओढतो. नवी डिस्क घालून हेड एक पाऊल सरकेपर्यंत ती खालीच राहते. एरवी कंट्रोलरकडचा (ड्राइव्ह चालवणाऱ्या सर्किटकडचा) पुल-अप रेझिस्टर ती वर धरून ठेवतो. तार तुटली की रेषा कायम वर, आणि डॉसच्या (संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) लेखी डिस्क बदललेलीच नाही. मग ते मेमरीतला जुना फॅट नव्या डिस्कवर लिहून मोकळं होतं. एक्सटी या त्याहून जुन्या संगणकावरच्या ३६० केबी ड्राइव्हना ही रेषा नसते. तिथे दोन सेकंद उलटले की डॉस स्वतःच खात्री करून घेतं, त्यामुळे हा घोळ होत नाही.

खात्रीसाठी डिस्क बाहेर ठेवून डीबगमध्ये (डॉससोबतच्या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये) ‘ओ ३एफ२ १सी’ने ड्राइव्ह निवडून मोटर चालू केली आणि लगेच ‘आय ३एफ७’ देऊन डिस्क-चेंजची स्थिती वाचली. बायॉस (संगणकातला मूलभूत प्रोग्रॅम) काही सेकंदांत मोटर बंद करतो, म्हणून दोन्ही आज्ञा पाठोपाठ द्याव्या लागतात. रिकाम्या ड्राइव्हला सर्वांत वरचा बिट १ हवा, म्हणजे उत्तर ८० किंवा त्याहून मोठं (हेक्समध्ये). इथे तो ० होता. रिबन केबलच्या दोन्ही टोकांमध्ये पिन ३४ ची कंटिन्यूइटी (तार अखंड आहे का ते) तपासली, मल्टिमीटर वाजलाच नाही. लाल पट्टीची तार पहिली, तर चौतिसावी अगदी विरुद्ध काठावर. केबल ओढून काढताना कनेक्टरच्या तोंडाशी ताण पडतो तो या काठांवर, आणि तार तिथेच तुटली होती. केबल नेहमी कनेक्टर धरूनच काढावी.

नवी केबल हाताशी नसेल, तर प्रत्येक वेळी डिस्क बदलल्यावर प्रॉम्प्टवर कंट्रोल-सी दाबलं की डॉस जुनी यादी टाकून देतं. पण हा तात्पुरता इलाज झाला, एकदा विसरलं की एक डिस्क गेली.

बिघडलेल्या डिस्कांवर चेकडिस्क या डॉसच्या डिस्क-तपासणी आज्ञेचा दुरुस्तीचा पर्याय अजिबात चालवू नये, तो परक्या फॅटलाच खरं मानतो. फॅटची दुसरी प्रतही उपयोगाची नाही, कारण डॉस दोन्ही प्रती लिहितं. मी आधी प्रत्येक डिस्कची सेक्टरवार प्रतिमा घेतली. डेटा सेक्टर ३३ पासून सुरू होतो आणि एक क्लस्टर (फाइलला जागा देण्याचं एकक) म्हणजे इथे एकच सेक्टर, म्हणून क्लस्टर क्रमांकात ३१ मिळवले की सेक्टर मिळतो. उपडिरेक्टरी डेटाच्या भागात असतात, त्या शाबूत होत्या. त्यांतल्या फायलींची नावं, आकार आणि सुरुवातीचे क्लस्टर तिथेच मिळाले. कोऱ्या डिस्कवर एकापाठोपाठ टाकलेल्या फायली सलग असतात, त्या सरळ कापून काढता आल्या. वरच्या पातळीवरच्या फायली मात्र फाइलच्या सुरुवातीच्या ठराविक खुणेवरून ओळखाव्या लागल्या. पुसून पुन्हा लिहिलेल्या डिस्कांवर फायलींचे तुकडे विखुरलेले होते, ते सगळे जुळले नाहीत.