तेर्व्हुरेनच्या पूर्वजमूर्ती: पाय आणि पाठ चुकवू नका

ब्रुसेल्सच्या माँटगोमेरी मेट्रो स्थानकातून ४४ नंबरची ट्राम धरायची आणि शेवटच्या थांब्यावर, तेर्व्हुरेनला उतरायचं. वाट जंगलातून जाते. आफ्रिका संग्रहालय सोमवारी बंद. वार न बघता गेलात तर तेवढं जंगलच पदरात पडेल.

तिकीट नव्या काचेच्या इमारतीत. तिथून भुयारी वाटेने, २२.५ मीटर लांबीच्या ओंडक्याच्या होडीशेजारून, जुन्या वास्तूत. आधी विधी-समारंभांचं दालन गाठा. हत्ती आणि खनिजं पाय दुखायला लागल्यावरही बघता येतात.

काँगो देशाच्या आग्नेय भागात, लुआलाबा नदीच्या पूर्वेकडे हेंबा लोक राहतात. त्यांची पूर्वजमूर्ती म्हणजे लुसिंगिती, अनेकवचन सिंगिती. दाढीवाला उभा पुरुष, अर्धवट मिटलेले डोळे, तळवे बेंबीच्या दोन्ही बाजूंना टेकलेले. चेहरा इतका शांत, की लोक त्याचाच फोटो काढून पुढे सरकतात. काचेला वळसा घालून मागे जा. केसांच्या पट्ट्या डोक्यामागे फुलीसारख्या एकमेकींवरून जातात. कारागिराचा हात कळतो तो तिथे. मग वाका. कित्येक मूर्तींची पावलं खाऊन गेलेली दिसतात. अंधाऱ्या झोपडीत मातीच्या जमिनीवर उभं राहायचं, म्हणजे खालून ओल आणि पाठोपाठ वाळवी.

मूर्ती ‘कुणा पूर्वजाची’ नसे, अमुक नावाच्या पूर्वजाची असे. घराण्याच्या प्रमुखाने ती नावं क्रमाने सांगितली की जमिनीवरचा हक्क पक्का. पितर आणि सातबारा एकाच लाकडात म्हणा ना! काचेमागच्या पाटीवर जमातीचं नाव मिळतं, त्या माणसाचं बहुधा नाही.

खिळे ठोकलेली, काँगो याच नावाच्या जमातीची न्किसी न्कोंडी मात्र पूर्वजमूर्ती नव्हे. ही गल्लत सर्रास होते. तिच्यातली शक्ती पोटाच्या पोकळीत भरलेल्या द्रव्यांतून येते, आणि एकेक खिळा म्हणजे एखादी शपथ किंवा मागणी. काँगो नदीकाठच्या बोमाच्या ‘ने कुको’ नावाच्या प्रमुखाची अशी मूर्ती बेल्जियन व्यापारी अलेक्झांडर देलकोम्यूनने १८७८ मध्ये उचलून नेली. ती याच संग्रहात आहे.

शहरातल्या दुकानांत ‘जुनी हेंबा’ दाखवली तर काखेत आणि पायांच्या मध्ये बघा. वापराने आलेली झळाळी हात लागतो तिथेच असते. सगळीकडे सारखा काळपटपणा असेल तर तो बहुधा लावलेला.

परतीच्या ट्रामआधी गावातल्या चर्चपाशी थांबा. १८९७च्या इथल्या वसाहती प्रदर्शनात लोकांना दाखवायला आणलेल्या २६७ काँगोवासीयांपैकी इथे वारलेल्या सात जणांच्या कबरी बाहेर भिंतीलगत आहेत. चर्च बंद असलं तरी त्या बघता येतात.