एपिसोड 7: थाळी सापडली!

मागच्या वेळी माझ्या पॉडकास्टच्या रेकॉर्डिंगमध्ये थाळीचा आवाज फुटला म्हणून नुसतं रडगाणं गाऊन गेले होते, तर ऐका, काल रात्री दीड वाजता थाळी, म्हणजे तिचा नीट आवाज, सापडला. गोरेगावच्या आजींची थाळी, 1972-73 च्या महागाईविरोधी मोर्च्यांवाली, ज्यात बायका थाळी-लाटणं वाजवत निघायच्या.

झालं काय होतं, की आजी मृणाल गोरेंच्या मोर्च्यांचं सांगत होत्या, दुष्काळ, रेशनची रांग, रॉकेल, आणि समाजवादी मृणालताई नि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर एकाच समितीत कशा वगैरे, आणि मध्येच उठून आतून स्टीलची थाळी न् लाटणं घेऊन आल्या आणि बोलता बोलता वाजवायलाच लागल्या. मी गेन (माइक किती आवाज उचलेल ते) त्यांच्या बोलण्याच्या आवाजाला लावलेला, सगळ्यात मोठा आवाज -12 डीबीच्या आसपास, पहिला ठोका पडला आणि मीटर लालभडक, म्हणजे आवाज फुटला. आजींना थांबवायची माझी काय हिंमत!

मग घरी येऊन ते एका क्लिकमध्ये आवाज साफ करणारं एआय टूल वापरलं (नाव घेत नाही, पैसे भरलेत त्याचे). लोकलमध्ये ऐकतेय, आजी म्हणतात ‘अशी वाजवायचो बघ’ आणि पुढे एकदम शांतता. त्याला थाळी म्हणजे नॉइज वाटली! कुकरची शिट्टी मात्र ठेवलीन. हसू की रडू. डी-क्लिपर (फुटलेला आवाज दुरुस्त करणारं टूल) लावला तर थाळीचा पत्र्याचा डबा झाला, माझ्या घरची थाळी वाजवून वर चिकटवून पाहिली पण ती खोटी वाटते, आजींची लय वेगळीच आहे, बोलताना श्वास घेतात तिथे ठोका पडतो. दोन आठवडे ह्यातच गेले.

आणि काल कार्ड रिकामं करताना प्रत्येक टेकच्या दोन-दोन फायली दिसल्या. रेकॉर्डरचा बॅकअप ट्रॅक! 12 डीबी खाली आपोआप रेकॉर्ड होतो, मीच कधीतरी चालू करून विसरले होते. मॅन्युअल वाचत जा बायांनो. त्यात एकही ठोका फुटलेला नाही.

आता आजींचा आवाज मेन ट्रॅकवरून, फक्त ठोके बॅकअपवरून. बॅकअप 12 डीबीने वर घेतला की फॅनची घरघर दोन्हीकडे सारखी होते, जोड कळत नाही, मग प्रत्येक ठोका हाताने 6-7 डीबी खाली आणि शेवटी लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेच्या वर जाऊ न देणारं टूल) -1 डीबीवर. ठोक्याच्या क्षणी आजींचा आवाजही दबतो, पण थाळीच्या झणझणाटात ते कानाला लागत नाही. एकूण 61 ठोके, एकेकाला छोटा क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज विरत दुसरा सुरू. रीपरचे (माझं ऑडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) 60 डॉलर काल वसूल झाले.

म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखं कम्युनिटी रेडिओ स्टेशन आपलंही असावं असं मला नेहमी वाटतं, पण तिथे लायसन्सच्या अटींत स्वतःच्या बातम्या आणि राजकीय विषय बसत नाहीत. ह्या एपिसोडमध्ये तर ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही 1977 ची घोषणा (पाणीवाली बाई म्हणजे मृणालताई, दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी) आजी अख्खी दोनदा देतात. त्यामुळे सध्या पॉडकास्टच बरा, गोधडी टांगलेलं कपाट हाच स्टुडिओ.

सुरुवातीला तबल्याचं इंट्रो म्युझिक टाकणार होते ते कॅन्सल, थेट थाळीनेच सुरू करते. आणि हे टाइप करतानाच सुचलं, आधी अपलोड करण्याऐवजी आजींच्या बिल्डिंगच्या गच्चीवर स्पीकर लावून ऐकवू का? त्यांच्या वयाच्या किती जणी पॉडकास्ट अ‍ॅप उघडणार! आणि तिथे कुणाला आणखी काही आठवलं तर तेही रेकॉर्ड करता येईल, ह्यावेळी गेन कमी ठेवून. म्हणजे रविवारची रिलीज पुढे गेली, सॉरी.

रफ मिक्स आजींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. आत्ता फोन आला, ‘छान झालंय गं, पण थाळी फार हळू वाजतेय.’

लिमिटर परत उघडते.