एडफूला गंधाच्या खोलीसाठी जा, घोडागाडीत बसू नका

इजिप्तमध्ये लक्झरला अत्तरवाल्याने 'किफी' म्हणून कुपी हातात दिली तर ती काउंटरवर ठेवा आणि बाहेर पडा. आमच्या गाइडने दुकानाला 'म्युझियम' म्हणत आत नेलं, पुदिन्याचा चहा पाजला आणि मग तेलाची जी किंमत सांगितली, त्यात आम्हा दोघांचं आठवडाभराचं जेवण निघालं असतं. प्राचीन इजिप्तमध्ये किफी म्हणजे तेल नव्हतंच मुळी. मनुका, मध, वाइन आणि डिंक-मसाले मळून केलेला तो धूप, निखाऱ्यावर जाळायचा. प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कने त्याचे सोळा जिन्नस मोजलेत.

त्याची कृती लक्झर आणि अस्वानच्या मधल्या, नाईलकाठच्या एडफू गावी, होरस देवाच्या देवळात, एका खोलीच्या भिंतींवर कोरलेली आहे. खांबांच्या मंडपातून पश्चिमेला वळा. खोली लहान आणि काळोखी, खिडकी नाही. टॉर्च हवाच. मोबाइलचा उजेड तिरका धरलात तरच अक्षरं उठून दिसतात. हिराबोळ, रुमी मस्तकी, दालचिनी, वेखंड, नागरमोथ्याच्या जातीचं मूळ... निम्मी यादी आपल्या दिवाळीच्या उटण्याची वाटते! रखवालदार 'खास कोपरा' दाखवून हात पुढे करतो. द्यायचं तर सुटे द्या.

आता घोडागाडी. नाईलवरच्या पर्यटक बोटींच्या धक्क्यावर भाडं 'जाऊन-येऊन' ठरलं होतं. परतताना ते एका बाजूचं झालं, वर घोड्याच्या चाऱ्याचे वेगळे. घोड्याच्या बरगड्या मोजता येत होत्या, चारा कुठे जातो देव जाणे. बोटीवर 'देऊळ लांब आहे' असं सांगतात. सरळ चालत जा. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, स्टेशन पूर्व किनाऱ्यावर आहे आणि देऊळ पश्चिमेला, त्यामुळे पुलावरून गाडी करावीच लागते. भाडं उतरल्यावरच द्या.

सकाळी सगळ्या बोटी एकदमच लागतात. गर्दी खांबांपाशी फोटो काढत असते, तेवढ्यात बाहेरच्या कोटाच्या भिंतीची पश्चिमेकडची आतली बाजू गाठा. तिथे होरस आपल्या शत्रूला, पाणघोड्याच्या रूपातल्या सेत देवाला, भाल्याने टोचतोय. विधीच्या शेवटी पाणघोड्याच्या आकाराचा केक कापत. शत्रूची प्रतिमा करायची आणि ती नासायची, हीच रीत. सूर्यदेवाचा शत्रू असलेल्या अपोफिस सापाच्या बाबतीत तर मेणाचा साप करायचा, त्यावर थुंकायचं, डाव्या पायाने तुडवायचा आणि जाळायचा. जादूला सोनं-नाणं लागत नाही, हे त्या अत्तरवाल्याला कोणीतरी सांगायला हवं.

फिले, अबू सिंबेलची देवळं छानच, त्यावर सगळेच लिहितात.

कैरोत तहरीरच्या संग्रहालयात जेदहोर नावाच्या माणसाचा प्राचीन पुतळा चुकवू नका. अंगभर मंत्र कोरलेत आणि पायाशी कुंडी आहे. वरून ओतलेलं पाणी मंत्रांवरून तिच्यात उतरे आणि विंचू-साप चावलेला माणूस ते पिई. गाइड तिथे थांबत नाहीत, तुम्ही थांबा. धूपाचं सामान हवंच असेल तर अस्वानच्या बाजारात सुटं, वजनावर घ्या. आधी एक खडा जाळून दाखवायला सांगा, दुकानदार कुरकुरला तर पुढचं दुकान.