०.२ मिलिमीटरची फट आणि वाया गेलेले पाच आठवडे

माझ्या प्रबंधातील २.४ गिगाहर्ट्झच्या पॅच अँटेनात (धातूच्या सपाट पट्टीच्या अँटेनात) ०.२ मिमी रुंदीची एक फट होती. केन यी यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या एफडीटीडी पद्धतीत जागेची घरांत विभागणी करून विद्युतचुंबकीय क्षेत्र काळाच्या छोट्या टप्प्यांनी मोजतात; हा टप्पा, म्हणजे टाइम स्टेप, किती मोठा घेता येईल हे जाळीतील सर्वांत लहान घर ठरवते. एका दिशेला ०.५ आणि दुसरीला ०.४ मिमीची घरे पुरत असतानाही, फटीत ०.०५ मिमीची चार घरे बसवताच टाइम स्टेप जेमतेम ०.१६ पिकोसेकंदावर आली. एका रचनेला नऊ तास लागत, रचना चाळीस होत्या आणि संगणन केंद्रात एका विद्यार्थ्याला एका वेळी एकच काम लावण्याची मुभा होती.

म्हणून मी एडीआय-एफडीटीडी या तिच्याच अव्यक्त (प्रत्येक टप्प्यात अनेक घरांची समीकरणे एकत्र सोडवणाऱ्या) प्रकाराकडे वळलो, कारण तिला ही मर्यादा लागू होत नाही. टाइम स्टेप दहापट केली. तरंगाच्या एका आवर्तनात अडीचशे स्टेप्स पडत असल्याने अचूकतेची मला काळजी वाटली नाही, आणि नेमके तेच नडले. अनुनादाची वारंवारता ३६ मेगाहर्ट्झने सरकली. पाच आठवडे मी स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत राहिलो. जाळीच्या कडेला तरंग शोषून घेणारे थर दोनदा नव्याने लिहिले, त्रिकर्णी समीकरणे सोडवणारा भाग कागदावर पडताळला, आणि प्रत्येक चाचणीसाठी संगणन केंद्राच्या त्याच रांगेत ताटकळलो. शेवटी माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "टाइम स्टेप निम्मी करून बघ." सरकणे ९ मेगाहर्ट्झवर आले, म्हणजे बरोबर पावपट! प्रोग्रॅम निर्दोष होता. या पद्धतीतील एक त्रुटी टाइम स्टेपच्या वर्गाबरोबर आणि क्षेत्र जागेनुसार किती झपाट्याने बदलते त्याबरोबर वाढते, आणि फटीच्या कडांपाशी ते सर्वांत झपाट्याने बदलते. ही चाचणी पहिल्याच दिवशी करावी. मी केली नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

पुढचे काम सोपे होते. फटीच्या आडव्या दिशेपुरतीच अव्यक्त पद्धत ठेवून उरलेल्या दोन दिशांत यींचीच व्यक्त (आधीच्या टप्प्यातील मूल्यांवरून थेट पुढचे काढणारी) पद्धत वापरली. मग टाइम स्टेपची मर्यादा त्या दोन दिशांतील मोठ्या घरांवरूनच ठरते, त्यामुळे ती एक पिकोसेकंदापर्यंत गेली आणि नऊ तासांचे काम अडीच तासांत होऊ लागले.

आणखी एक गोष्ट म्हणजे, तरंग अजून पोहोचलेला नसतो त्या भागातील अतिसूक्ष्म संख्यांवर प्रोसेसर विनाकारण रेंगाळतो. त्या थेट शून्य धरण्याचा पर्याय कंपायलरमध्ये असतो. तो मला सापडला तेव्हा अडतीस रचना झाल्या होत्या.