रंग नका बघू, शीर दाबली जाते का ते बघा

गुडघा बदललेल्या आजींच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय का ते बघायला, म्हणजे डॉप्लरसाठी, त्यांना माझ्या सोनोग्राफीच्या खोलीत आणलं, की सोबतच्या मुलाची नजर आधी पडद्यावर. लाल-निळे रंग झळकले की त्याचा जीव भांड्यात पडतो. "म्हणजे रक्त वाहतंय ना, मॅडम?" वाहतंय हो, पण खरी तपासणी अजून सुरूच कुठे झालीय!

मी रंग बंद करते. साध्या काळ्यापांढऱ्या चित्रात जांघेपाशी दोन काळी वर्तुळं शेजारीशेजारी दिसतात, एक धमनी आणि एक शीर. प्रोबने, म्हणजे हातातल्या सोनोग्राफीच्या दांडीने, वरून दाबायचं. धमनी ठोके देत गोलच राहते. निरोगी शीर ओठ मिटावेत तशी मिटते. नाही मिटली तर आत गुठळी. ताजी गुठळी बरेचदा रक्ताइतकीच काळी दिसते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही. एक-दोन सेंटीमीटर खाली सरकायचं, पुन्हा दाबायचं, असं गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत उतरायचं आणि मग पोटरी.

खळगीशी खरी कसरत. ऑपरेशनचा चौथा दिवस, पुढे स्टेपल्स, त्यावर ड्रेसिंग, गुडघा जरा वाकवला की आजींचं "आई गं". पाय हलकेच बाहेर वळवून मी बाजूने हात घालते. पोटरीत तर सुजेमुळे धमनीलगतच्या बारीक शिरांची जोडी शोधता शोधता मान अवघडते.

सूज, ठणका, गरमपणा हे ऑपरेशननंतर असतंच, म्हणून पाय बघून काही ठरवता येत नाही. डी-डायमर ही गुठळीचा अंदाज देणारी रक्ततपासणीही अशा वेळी कुचकामी, कारण ऑपरेशनमुळे ते तसंही वाढलेलं असतं. (तरी लोक तो रिपोर्ट नाचवत येतातच.)

"मग सगळ्यांचंच डॉप्लर करून मोकळं व्हावं ना?" प्रश्न रास्त आहे, पण मला ते पटत नाही. प्रतिबंधक उपचारांशिवाय ऑपरेशन झालेल्यांच्या पायात औषध टोचून एक्स-रे काढले, तेव्हा 40 ते 60 टक्के जणांत गुठळ्या सापडल्या होत्या. बहुतेकांना त्यांचा काहीच त्रास नव्हता. सापडली की रक्त पातळ करणारी औषधं पूर्ण डोसमध्ये आली, आणि नव्या गुडघ्यात रक्तस्राव झाला तर तो निराळाच ताप. अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीनेही 2011 मध्ये सरसकट तपासणी नको असंच सांगितलं. त्यापेक्षा लवकर उठून चाला आणि सर्जनने दिलेली गोळी किंवा इंजेक्शन चुकवू नका.

एकाच पायाची सूज एकाएकी वाढली, पोटरी टणक लागायला लागली, तर मात्र लगेच या. पोटरी नीट दिसली नसेल तर मी रिपोर्टात तसं लिहिते आणि आठवड्याने परत बोलावते, गुठळी वर सरकलीय का ते बघायला. "परत पैसे?" अशी कुरकुर होते. होऊ दे.

दम लागला, छातीत दुखलं, तर माझ्या दाराशी नंबर लावू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकलीय का, हा तिथे प्रश्न असतो, त्याला सीटी अँजिओ, म्हणजे औषध टोचून रक्तवाहिन्यांचं सीटी स्कॅन, लागतो. पायाचं डॉप्लर स्वच्छ आलं तरी फुप्फुसात गुठळी असू शकते.