डोक्यावर ऊन, पायाशी ओल

फार दिवसांनी उगवलेल्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो. उंबराला फुलं येतात, पण ती फळाच्या पोटात, आतल्या बाजूला उमलतात, दिसणार कशी? भावकीतलं अंजीरही तसंच. आणि उंबर फोडलं की केंबरं निघतात, ही धास्ती आपण उगाच अंजिरालाही लावतो. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात परसात अंजीर लावणाऱ्याला ती नको. ब्लॅक मिशन, ब्राउन टर्की, कडोटा, कोनाड्रिया या जाती परागीभवनावाचून पिकतात, त्यांना कीटकाची गरजच नाही. फसायला होतं ते कॅलिमिर्ना घेतल्यावर. तिला परागीभवनासाठी अंजिराची चिमुकली गांधीलमाशी लागते. ती नसली की फळं गोटीएवढी होऊन गळतात आणि मालक वर्षानुवर्षं खत बदलत बसतो.

मिशन हे नाव स्पॅनिश धर्मप्रसारकांच्या मठांवरून आलं. म्हणजे या वाळवंटाला अंजीर नवखं नाही. तरी पहिला प्रश्न ठरलेला: इतक्या उन्हात जगेल का? 2023 मध्ये इथे 30 जूनपासून सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर होता. मुळांशी ओल असेल तर मुरलेलं झाड असाही उन्हाळा काढतं. ऊन त्याला डोक्यावर चालतं, पायाशी नाही. इथली अंगणं मात्र बहुधा खडी अंथरलेली, पश्चिमेला सिमेंटच्या विटांची भिंत. दिवसभर तापलेली भिंत रात्रीही धग सोडते. शक्य असेल तर घराची पूर्व बाजू धरावी: सकाळचं ऊन, दुपारनंतर सावली. बुंध्याभोवती दीड मीटरपर्यंतची खडी उचलून 10 सेंमी जाडीचं लाकडाच्या चिपांचं आच्छादन घालावं, मात्र खोडाला चिकटवू नये.

खड्डा रुंद हवा, खोल नको. कुंडीतल्या मातीच्या गोळ्याच्या तिप्पट रुंद, खोली गोळ्याएवढीच. लावण्याआधी तो पाण्याने भरून पाहावा. चार तासांत पाणी 10 सेंमीही उतरलं नाही, तर खाली चुनखडीचा टणक थर आहे असं समजावं. त्याला इथे कलीची म्हणतात. पहारीने तो आरपार फोडावा, नाहीतर जागा बदलावी. वरून चांगली माती भरून काम भागवलं तर ती कुंडीच होते, फक्त बुडाला भोक नसलेली, आणि मुळं कुजतात.

आता पाणी. खरं अंजीर इथेच पिकतं किंवा बिघडतं. रोज थोडं थोडं शिंपणं ही माया झाडाला बाधते: मुळं वरच राहतात, पाण्यातले क्षार वरच साठतात आणि पानांच्या कडा करपतात. सावकाश आणि खोल पाणी द्यावं, तेही खोडाशी नाही, तर फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे. दोन मीटर व्यासाच्या वर्तुळातली माती 60 सेंमी खोल भिजवायला, अगदी कोरडी असेल तर, साधारण 280 लिटर लागतात. तासाला 4 लिटरचे आठ ड्रिपर म्हणजे नऊ तास! रोजची पंधरा मिनिटं म्हणजे आठ लिटर, ती आच्छादनच पिऊन टाकतं. माती सहसा अर्धी ओली असतेच, म्हणून मोजमापापेक्षा सळई बरी: पाणी दिल्यावर बोटभर जाडीची लोखंडी सळई रोवायची, ती ओलीतून सहज जाते आणि कोरड्याशी अडते. मोठ्या झाडाला भर उन्हाळ्यात आठवड्याला, थंडीत तीन-चार आठवड्यांनी असं पाणी पुरतं. नव्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी.

दुपारी पानं माना टाकतात, ते पाहून नळीकडे धावू नये. सकाळी ती ताठ झाली असतील तर काही बिघडलेलं नाही. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं दिसलं, तर लोह कमी पडतंय. तेही बहुतेकदा अतिपाण्यानेच. आधी पाणी लांबवावं. तरी सुधारलं नाही तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड, म्हणजे मुळांना शोषता येईल अशा रूपातलं, लोह घ्यावं, कारण इथल्या चुनखडीच्या मातीत स्वस्त प्रकार टिकत नाही.

छाटणीतला आपला नीटनेटकेपणा इथे महाग पडतो. खालच्या फांद्या काढून एका खोडाचं डौलदार झाड केलं की ऊन सालीवर पडतं, साल भाजते, तडकते. तीन-चार खोडांचं बुटकं झुडूपच ठेवावं; उघडी खोडं पांढऱ्या लेटेक्स रंगात तितकंच पाणी मिसळून रंगवावीत. उन्हाळ्याच्या सुरुवातीचा बहार गेल्या वर्षीच्या काडीवर येतो. हिवाळ्यात सगळी टोकं उडवली की तो गेलाच.

आपल्या दिवे-सासवडकडे अंजिरवाल्याला धास्ती पानांवरच्या तांबेरा रोगाची, दमट हवेची. इथे वर्षाला जेमतेम 18 सेंमी पाऊस, त्यामुळे तांबेऱ्याचं काळजीत फारसं स्थान नाही. त्याची जागा हिरव्या-सोनेरी भुंग्यांनी घेतली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ते घोंघावत येतात आणि पिकलेल्या फळात डोकं खुपसून बसतात. त्यांच्या अळ्या शेणखताच्या ढिगात वाढतात, म्हणून ढीग उन्हाळ्याआधी चाळावा. झाडावर औषध मारून फळं खाण्यालायक राहत नाहीत. लग्नाच्या आहेराला वापरतात तसल्या जाळीच्या पिशव्या एकेका फळाला बांधल्या की काम होतं. त्याच महिन्यांत वळवासारख्या सरी येतात आणि पिकत आलेली फळं उकलतात. कडोटाच्या तोंडाशी मधासारखा थेंब साचून ते बंद होतं, त्यामुळे ती कमी आंबते.

अंजीर तोडल्यावर पिकत नाही. कच्चं तोडलं की वायाच. देठाशी मान वाकली, साल मऊ पडली की पहाटे, भुंगे उठायच्या आत काढावं. हातमोजे घालावेत, देठाचा चीक कातडीला झोंबतो. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. पुढच्या गल्लीतल्या काकूंना द्यायचं असेल तर आजच.